उघाडी

डाव्या कुशीवर वळा म्हटलं, हात उशाला घ्या.
झिलू मिठबावकर, वय एकाहत्तर.
चढावाला दम लागतो, रात्री दोन उशा लागतात.
सदऱ्याला खाजणाच्या चिखलाचा वास.
जेली छातीला गार लागली तसा हसला,
"म्हाकूल लावल्यासारख्या वाटता गो."

देवगडच्या या काळोख्या खोलीत नऊ वर्षं
मी हेच बघते,
तरी पडदा उजळला की क्षणभर गप्प होते.
उजवीकडचं मळकं रक्त फुफ्फुसाच्या वाटेला लागलेलं,
डावीकडे तिथूनच श्वास घेऊन आलेलं,
आणि मधल्या भिंतीमुळे
या घरची वार्ता त्या घरी नाही.

"ती दोन पाना हलतत, ती काय?"
झडप, म्हटलं.
वरच्या खोलीतलं रक्त खाली जाऊ देते,
परत फिरू देत नाही.
"कोण ओढता तिका?"
कुणीच नाही. खालची खोली आवळते,
रक्तच पानांना लोटतं, पानं मिटतात.

तो उठून बसायलाच निघाला.
"मगे ती उघाडी!"

मग मीच ऐकत राहिले, प्रोब तसाच धरून.
अडतीस वर्षं खारबांधावरची उघाडी त्याच्याकडे.
सुकतीला शेतातलं पाणी फळी लोटून खाडीत जातं,
भरती चढली की खाडीच फळी दाबून धरते.
माणसानं काही करायचं नसतं,
फक्त जाऊन बघायचं.
काथ्या कुजलाय का. कुर्ल्यांनी बांध पोखरलाय का.
बिजागरात कालवं धरली की फळी नीट मिटत नाही,
ती कोयत्यानं खरवडायची.
झडपेवरही चुना धरतो, मी म्हटलं.
"धरतलोच," तो म्हणाला. "खारा पाणी ता."

रंग लावला.
आवळण्याच्या ऐन क्षणी
जिथे काहीच दिसायला नको तिथे
एक निळी धार, मागे, वरच्या खोलीत.
पानाच्या काठाला दोर असतात,
पागाच्या दोऱ्यांसारखे, खाली स्नायूत रोवलेले,
पान उलटू नये म्हणून.
त्यातला एक तुटला होता.
पान भलत्याच दिशेला फडफडत होतं.

झिलू पुष्कळ वेळ बघत राहिला.
"गळता," म्हणाला.
मला सांगावं लागलं नाही.

तांबळडेगच्या वाळूत कधीतरी देवमासा आला होता,
तो त्याला आठवला. त्याच्याही आत असंच?
असंच. चार खोल्या, चार झडपा.
देवमाशाचं मिनिटाला दहा वेळा,
उंदराचं सहाशे,
तुमचं आत्ता चौऱ्याण्णव.

"आणि ह्येका खावक कोण देता?"
नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
आत रक्त भरलेलं, पण त्यातलं त्याला पिता येत नाही.
थोरल्या धमनीच्या उगमाशीच दोन बारीक फाटे फुटतात,
त्यांतून त्याचं ताट येतं.
आवळताना ते फाटेही चेपतात,
म्हणून ते जेवतं सैल पडल्यावर,
दोन ठोक्यांच्या मधे.
"म्हणजे सुकतीक," तो म्हणाला,
स्वतःशीच, बटणं लावत.

जेली पुसायची राहिली. सदरा छातीला चिकटला.
सून दारात उभी:
बांबोळीला न्यायचं? फळी बदलतात? की शिवतात?
(फळीच म्हणाली ती. घरात हाच शब्द असणार.)
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
तो घड्याळाकडे बघत होता.
"आज अवस. साडेअकरांक भरती.
येक फळी सैल हा, कालच खिळो मारूक व्हयो होतो."
आणि निघाला, पायरीवर थांबत,
भिंतीला हात लावत, पुन्हा निघाला.

मी प्रोब पुसला. पुढचं नाव पुकारलं.
या खोलीला खिडकी नाही, खाडीही इथून लांब.
साडेअकराला माझा हात
कुणा दुसऱ्याच्याच बरगड्यांवर होता,
आणि मी कान देऊन ऐकत होते
पाणी कुठवर चढलंय.